दोन बोटं आखूड

ज्याला कापड आणि पुठ्ठा यांतला फरक कळत नाही त्याने कात्रीला हात लावू नये. पण हे आमच्या नातवाला सांगणार कोण? परवा त्याच्या पुस्तकांचं खोकं आलं. वरची चिकटपट्टी तोडायला सुरी शोधली, ती सापडली नाही, तर या शहाण्याने बटणांच्या डब्यात हात घालून मला उपसलं. आधी पट्टी कापली. मग पुठ्ठा कापला. मग पुठ्ठ्याला आवळलेली तार कापली. तार! माझ्या पात्याला तांदळाएवढी खाच पडली आणि तो गोंद अजून माझ्या तोंडात चिकटून बसलाय. काम झाल्यावर पुसणं तर दूरच, मला खिडकीत टाकून निघून गेला. जिभेच्या बाबतीत जसा आहे तसाच कात्रीच्या बाबतीत. उचलली आणि चालवली.

मी एक जुनी कात्री आहे, मित्रांनो. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. वयाने बघाल तर तुम्ही माझ्या पणतवंडांच्या जागी. शाळा मी पाहिली नाही. अक्षर मला येत नाही. पण कोणतं कापड पाण्यात घातल्यावर आटेल आणि कोणता माणूस वेळ आल्यावर आटेल, एवढं मला कळतं. तारेचं दुखणं मी एक वेळ गिळलं असतं. पण त्याच्या आधीच्या महिन्यात या पोराने मला भर सभेत नेलं आणि एका मेलेल्या माणसाचं नाव कापलं. ते गिळवत नाही. म्हणून सांगायला बसले.

मला घडवलं एका लोहाराने. बोलायचा कमी आणि खोकायचा जास्त. मोडलेल्या मालगाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद त्याने तापवलं, ठोकलं आणि माझी दोन पाती काढली. एक पातं सकाळी घडलं, दुसरं दुपारी, म्हणून दुसरं जरासं काळं आहे. वजनाला मी चांगली दणदणीत. नाजूक हाताचं काम नव्हे ते. मला विकताना लोहार एवढंच म्हणाला, "हिला कापडाशिवाय दुसरं काही चाखवू नका. एकदा कागदाची चव लागली की बिघडली म्हणून समजा."

घेणारी होती आमची बाई. तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही. आज चौऱ्याऐंशीची आहे. माशा कमी झाल्या असतील, नाक तेच आहे. सिनेमा जिथे काढतात त्या मोठ्या आवारात तिचा नवरा सुतार होता. खोट्या भिंती, खोटे जिने, खोटे दरवाजे उभे करायचा, आणि ते इतके पक्के असायचे की सिनेमा संपल्यावर मोडताना लोक त्याला शिव्या द्यायचे. त्याच्याच ओळखीने बाई कपडेपटात लागली, आणि दोन वर्षांत तिथली मुख्य होऊन बसली. शिवायला चार माणसं होती, पण कापड बेतायची ती एकटी. दुसऱ्या कोणी मला उचललं तर म्हणायची, "ठेव खाली. कापता कोणालाही येतं. बेतता येतं का?"

तर बेतणं म्हणजे काय, हे आधी समजून घ्या. कापड समोर असतं आणि माणूस समोर नसतो. त्या नसलेल्या माणसाचा खांदा, पाठीचा बाक, चालताना पुढे येणारा गुडघा, सगळं डोळ्यांपुढे आणायचं आणि मग पातं लावायचं. एकदा लावलं की माघार नाही.

बाई दोन यत्ता शिकलेली. टेपवरचे इंग्रजी आकडे तिला वाचता येत नसत, आणि येत नाहीत हे ती मरेपर्यंत कोणाला कळू देणार नव्हती. म्हणून तिने आपली रीत काढली. ज्याचं माप घ्यायचं त्याच्या नावाची एक दोरी. खांद्याला एक गाठ, बाहीला दोन, छातीला तीन. दोरीच्या टोकाला त्या माणसाच्या पहिल्या कपड्याची चिंधी बांधलेली. नवऱ्याने तिला भिंतीवर ओळीने खिळे ठोकून दिले होते, त्यावर या दोऱ्या लोंबायच्या. कोणी विचारलं, "बाई, टेप का नाही वापरत?" तर म्हणायची, "टेप सगळ्यांना सारखंच मोजतो. माणसं सारखी असतात का?" झाकली मूठ सव्वा लाखाची.

सगळ्यांत जवळचा, हाताशी असलेला खिळा होता त्या मोठ्या नटाचा. त्याची चिंधी काळी.

त्याच्याविषयी तुम्ही ऐकलं असेल. वर्तमानपत्रं त्याला सम्राट म्हणायची, बाई त्याला साहेब म्हणायची, आणि मी म्हणेन तो माणूस होता. उशिरा यायचा. मानेवर सुरकुती दिसू नये म्हणून गळपट्टी उंच हवी असा हट्ट धरायचा. आणि सगळंच काही त्याने सोनं केलं नाही. त्याच्यासाठी मी सोळा चमकीचे कोट बेतलेत. ते घालून तो जे नाचला ते आठवलं की माझीच पाती लाजेने मिटतात. बाई त्याला तोंडावर म्हणायची, "साहेब, कालचा सिनेमा पाहिला. कोट छान दिसत होता."

"आणि मी?"

"तुम्ही कोटाच्या आत होतात."

तो हसायचा. एवढ्या मोठ्या माणसाला असं बोलणारं दुसरं कोणी त्या आवारात नव्हतं, म्हणूनच तो कपडेपटात येऊन बसायचा असं मला वाटतं. सुताराशीही त्याचं जमायचं. दोघं एकाच बाकावर बसून बिनदुधाचा चहा प्यायचे आणि फारसं बोलायचे नाहीत.

मग सुतार आजारी पडला आणि तीन आठवड्यांत गेला.

बाई आठव्या दिवशी कामावर आली. रडली नाही. रडण्यासाठी सुट्टी देतो म्हणणाऱ्याला तिने असं काही सुनावलं की तो पुन्हा तिच्या वाटेला गेला नाही. एकच गोष्ट तिने केली. शेवटच्या खिळ्यावर नवऱ्याची दोरी होती, तपकिरी चिंधीची. ती तिने काढली आणि हाताजवळच्या खिळ्यावर, नटाच्या दोरीशेजारी अडकवली. जवळ असावी म्हणून. बस्स, एवढंच.

त्याच दिवसांत त्या सिनेमाचं काम चाललं होतं, ज्याच्यामुळे पुढे सगळं घडलं. त्यात नट एक म्हातारा बाप झाला होता. नोकरी गेलेली, घर गेलेलं, आणि तो लेकीच्या दारात येऊन उभा राहतो. शेवटचा प्रसंग. त्याला एक जुना, विटलेला कोट हवा होता. बाईने जुन्या बाजारातून एक करडं कापड हुडकून आणलं. तेवढंच होतं, दुसरा तुकडा नव्हता. आदल्या दिवशी अंग बेतलं. दुसऱ्या दिवशी बाह्या. तिने मान वर न करता हात लांब केला, जवळच्या खिळ्यावरून दोरी घेतली, गाठीला गाठ लावली, खडूने रेघ मारली आणि मला चालवलं.

चिंधी तपकिरी होती. मी पाहिली. पण मला जीभ असून आवाज नाही, मित्रांनो. त्या दिवसाइतकं ते मला कधी टोचलं नाही.

नटाने कोट चढवला आणि मनगटं उघडी पडली. दोन बोटं आखूड, दोन्हीकडे. बाईने बाहीची घडी उलटून पाहिली. वाढवायला आत कापड ठेवतात त्याला माया म्हणतात. ती ठेवण्याएवढं कापडच नव्हतं. बाईचा चेहरा चुन्यासारखा झाला. अठरा वर्षांत तिच्या हातून कापडाची एक चिरोटी वाया गेली नव्हती. दिग्दर्शक तापट माणूस. बाहेर शंभर माणसं दिवे लावून खोळंबलेली. तो ओरडला, "हा कोट बेतलाय कोणी? डोळे फुटले होते का?"

बाईने तोंड उघडायच्या आत नट म्हणाला, "मी सांगितलं होतं. बाही आखूड ठेवा म्हणून मीच बाईंना सांगितलं."

"तू? कशाला?"

"प्रसंग घेतल्यावर कळेल."

दिग्दर्शक पुटपुटत निघून गेला. नटाने दार लोटलं. मी बाईच्या कमरेला दोरीने लटकत होते, म्हणून पुढचं फक्त आम्ही तिघांनी ऐकलं.

"बाई, हे माप कोणाचं?"

बाई भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यांचं."

नटाने उजव्या हाताने डावी बाही धरली आणि हलकेच खाली ओढली, जणू ओढली तर पुरेल. मग म्हणाला, "मग आज जपून घालतो."

आणि तो गेला आणि त्या दारात उभा राहिला. दारही सुतारानेच केलेलं होतं, आजारी पडायच्या आधी. कागदावर पानभर बोलणं लिहिलेलं होतं, त्यातलं एक अक्षर तो बोलला नाही. लेक दार उघडते. बाप आत घे म्हणत नाही, जातो म्हणत नाही, नुसता बाही ओढतो. पुन्हा ओढतो. पुरत नाही तेव्हा दोन्ही हात पाठीमागे लपवतो. झालं. दिवेवाल्यांपैकी एक जण शिडीवर बसून रडत होता, त्याला खाली उतरवावं लागलं.

पुढचं तुमच्या आईबापांना विचारा. गावोगावी लोकांनी ती बाही डोक्यावर घेतली. नकला करणारे तेवढंच करून टाळ्या घ्यायचे. विद्वानांनी पुस्तकं लिहिली. दोन बोटांत एक म्हणतो गरिबी दिसते, दुसरा म्हणतो अभिमान दिसतो. मुलाखतीत कोणी विचारलं की, हे सुचलं कसं, तर नट हसून म्हणायचा, "कपडेपटात विचारा." पण कपडेपटात येऊन विचारतो कोण? लोकांना वाटायचं, मोठा माणूस थट्टा करतोय.

बाईला त्याने दिवसाढवळ्या झाकलं होतं, आणि त्याची भरपाई जगाने त्याला कौतुकाने केली. इथवर सगळं ठीक होतं. पण कौतुक मोठं वाईट. शेजारच्या घरावर रोज पावसासारखं पडायला लागलं की आपलं छप्पर कोरडं का, असं वाटतंच. बाई पहिली पाच वर्षं त्याला मनात हात जोडायची. पुढची दहा वर्षं गप्प राहिली. त्यानंतर तिच्या कपाळावर एक आठी आली, ती त्याचं नाव निघालं की खोल व्हायची.

तिची लेक आणि जावई दूर नोकरीला होते, म्हणून नातू तिच्याकडेच वाढला. चार माणसांत वाद घालायची त्याला पाळण्यापासून खोड, म्हणून घरात त्याला वकील म्हणतात, जरी शिकला तो भलतंच. आठ वर्षांचा असताना तो शाळेतून आला आणि म्हणाला, "आजी, आज सरांनी त्या बाहीवाल्या सिनेमाचं सांगितलं. सर म्हणाले असा नट पुन्हा होणार नाही. तू तिथे होतीस ना? तू काय केलंस?"

तू काय केलंस! बाई माझ्यावर तेल सोडत होती. तिचा हात थांबला. मी म्हटलं, आता सांगेल. पोर आठ वर्षांचं आहे, त्याच्यापुढे कसली लाज? पण ती म्हणाली, "ती बाही मीच आखूड ठेवली होती. मला सुचलं ते."

पोराचे डोळे बशीएवढे झाले. त्या दिवसापासून आजी त्याचा देव झाली, आणि देवाने आपलं बोलणं मागे घ्यायचं म्हणजे अवघडच.

आवार बंद पडलं. दोऱ्या उकिरड्यावर गेल्या. बाईने फक्त दोन आणल्या, काळ्या चिंधीची आणि तपकिरी. मी बटणांच्या डब्यात आले. ज्या हाताने मला रोज तेल लावलं तो हात कापू लागला. पहिल्यांदा डब्याचं झाकण महिन्यात एकदा उघडायचं, मग वर्षात एकदा. गंज लागतो ना, तो आधी तुम्हाला कळत नाही. तुम्हाला वाटतं, आज जरा जड वाटतंय. नटही म्हातारा झाला, दोन पडेल सिनेमे करून घरी बसला आणि गेला. बाई त्याला बघायला गेली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. त्याच आठवड्यात ती मंडईत तीनदा जाऊन आली होती.

वकील मोठा झाला. सिनेमावर बोलणं आणि लिहिणं हाच त्याचा धंदा. बरं बोलतो, खोटं कशाला सांगू? शब्द धारदार आहेत. पण कापतो मात्र समोर येईल ते. आणि मग नटाचं स्मारक करायचं ठरलं. एक मोठी खोली, त्यात त्याच्या वस्तू, मधोमध काचेच्या कपाटात तो करडा कोट. समितीने एक सभा ठेवली, त्याच्या मोठेपणावर दोन्ही बाजूंनी बोलायला. कोणी खरोखरच विरुद्ध बोलेल असं त्यांना वाटलं नसावं. वकिलाने विरुद्ध बोलायचं म्हणून आपलं नाव देऊन टाकलं.

तो मला आणि दोऱ्या पिशवीत भरताना बाई म्हणाली, "जायलाच हवं का? मेला तो माणूस. मेलेल्याच्या वाटेला जाऊ नये."

"आजी, तीस वर्षं तो तुझ्या अकलेवर मिरवला. मी काय त्याला लुटतोय? तुझं तुला परत मिळवून देतोय."

"मी मागितलं होतं का?"

"तू कधी काही मागतेस का? म्हणून तर मी जातो."

पोराचं प्रेम खरं होतं, हेच तर वाईट. नुसता पोकळ शहाणा असता तर बाईने त्याला दोन शब्दांत वाटेला लावला असता.

सभागृहात पंखा कुरकुरत होता. नटाच्या बाजूने बोलायला एक निवृत्त मास्तर उभे होते, ढगळ कोटातले. त्यांनी काही मोठं सांगितलं नाही. म्हणाले, "मी तो सिनेमा अकरा वेळा पाहिला. माझे वडील गेले तेव्हा मला रडू आलं नव्हतं. तो दारात उभा राहिला तेव्हा आलं. मला एवढंच माहीत आहे."

वकील उठला. "मास्तर, तुमचं रडू खरं. पण ते काढलं कोणी? मनगट उघडं पडलं म्हणून! मनगट उघडं कोणी पाडलं? बाही आखूड असेल तर तुम्हीही ओढाल, मीही ओढेन. त्याला अभिनय म्हणायचं तर मुंगी चावल्यावर खाजवणारा प्रत्येक जण सम्राट!"

लोक हसले. मागून कोणी ओरडलं, "मग दारात उभा राहिला म्हणून सुतारालाही हार घाला!"

आणखी मोठा हशा. बाई पहिल्या रांगेत बसली होती. सुतार शब्द कानावर पडताच तिचा हात पिशवीकडे गेला, दोरी चाचपायला. पण पिशवी वकिलाकडे होती.

त्याने मला बाहेर काढलं आणि उंच धरलं. "ही ती कात्री! आणि ही समोर बसलेली माझी आजी. आजी, सांग सगळ्यांना. बाही आखूड ठेवायचं कोणाला सुचलं?"

पंखा कुरकुरत राहिला. मित्रांनो, मी खोटं सांगणार नाही. जन्मभर मलाही वाटत आलं होतं की एकदा कोणीतरी मला असं उंच धरावं. तीनशे माणसं माझ्याकडे बघत होती. आणि मला वाटत होतं, बाई, आता तरी.

बाई म्हणाली, "मला."

काय टाळ्या पडल्या! वकिलाने वाकून तिच्या पायांना हात लावला. मास्तर खाली बसले, आपल्याच बाहीकडे बघत. बसता बसता शेजाऱ्याला म्हणाले, "अकरा वेळा पाहिला हो मी." जणू कोणी त्यांना अकरा वेळा फसवलं होतं.

वर्तमानपत्रांनी दुसऱ्या दिवसापासून तेच चघळलं. सम्राट की उसना सम्राट? नटाच्या इतर सिनेमांतही लोक उकरायला लागले. हेही दुसऱ्याने सुचवलं असेल, तेही. चमकीचे कोट सगळ्यांना एकदम आठवले. समितीने स्मारकाचं काम थांबवलं आणि काचेच्या कपाटातला कोट गुंडाळून नटाच्या लेकीकडे परत पाठवला. वकिलाला सगळीकडून बोलावणी आली. परवाचं पुस्तकांचं खोकं त्यातलंच, मान म्हणून आलेलं. बाईचा फोटो छापून आला. तिने तो बघितला नाही. जेवण निम्म्यावर आलं, आणि वकिलाशी ती धड बोलेना. त्याला वाटलं, वय झालं.

काल दुपारी नटाची लेक आली. साठीची बाई, साधी, बसमधून आलेली. हातात कागदात गुंडाळलेला कोट. वकील जरा ताठला. मी खिडकीतच पडले होते, तोंडात गोंद घेऊन.

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. बाईला भांडण पेलतं. ती बसली आणि म्हणाली, "हा तुमचा. म्हणून आणून दिला."

बाईने हात पुढे केला नाही.

"बाबांनी शेवटपर्यंत घरात ठेवला होता. मी एकदा म्हटलं, बाही वाढवून घेऊ, थंडीत वापरता येईल. तर केवढे रागावले. म्हणाले, हात लावू नकोस, ते माप माझं नाही. कोणाचं आहे, विचारलं तर सांगत नसत. म्हणायचे, ज्याचं आहे त्याच्या माणसाने सांगावं, मी कोण सांगणारा?" तिने कोटावरचा कागद सारखा केला. "आता कळलं, तुमच्याविषयीच बोलत असणार. तुमचं श्रेय राहून गेलं, त्याबद्दल बाबांच्या वतीने माफ करा."

वकील म्हणाला, "बघ आजी! म्हणजे त्यांनाही टोचत होतं."

आता इथे शिकवण सांगायची रीत आहे. मी ती आधीच उरकते, कारण शेवटचा शब्द बाईचा आहे आणि तिच्यापुढे बोलायची माझी टाप नाही. मित्रांनो, घरातली जुनी हत्यारं पुसून, तेल लावून ठेवा. ज्याचं जे काम त्याला तेच द्या. आणि धार असली म्हणून दिसेल त्यावर चालवू नका. कापलेलं कापड शिवता येतं, पण शिवण दिसते.

बाई उठली. पिशवीतून दोरी काढली, तपकिरी चिंधीची. कोट मेजावर पसरला. तिने दोरीचं टोक खांद्याच्या शिवणीवर धरलं आणि बाहीवरून खाली आणलं. दोन गाठी बरोबर बाहीच्या काठावर आल्या. केसाचाही फरक नाही.

मग काळ्या चिंधीची दोरी तशीच लावली. गाठी बाहीच्या खाली, दोन बोटं, मेजावर पडल्या.

"ही कोणाची?" वकिलाने तपकिरी चिंधीला हात लावला.

"तुझ्या आजोबांची."

वकील दोऱ्यांकडे बघत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू उतरला. पोर हुशार आहे; गाठी वाचायला त्याला शाळा लागली नाही. नटाची लेक तोंडाला हात लावून उभी होती.

"आजी, पण तू तर म्हणाली होतीस..."

"म्हणाले होते. खोटं म्हणाले होते." बाईने खिडकीतून मला उचललं. गोंदावर अंगठा फिरवला, खाच पाहिली. मग मला कोटाशेजारी ठेवलं आणि त्याच्याकडे वळली. आवाज चढला नाही. तिचा आवाज चढला नाही की मी घाबरते.

"ऐक, वकिला. माझ्या हातून चुकलं होतं. शंभर माणसांसमोर माझी अब्रू जायची, ती त्या माणसाने आपल्या अंगावर घेतली. तुझ्या आजोबांचं माप घालून दारात उभा राहिला, आणि मरेपर्यंत तोंड उघडलं नाही, कारण ते माझं दुःख होतं, त्याचं नव्हतं. बाही आखूड होती म्हणून कोणीही ओढली असती म्हणतोस? तुला घालून बघते हा कोट. ओढ बाही. बघू कोण रडतं. मी खोटं बोलले ते आठ वर्षांच्या पोराशी, हा माझा गुन्हा. तू ते तीनशे माणसांत नेलंस, मला एकदाही न विचारता की आजी, का सुचलं, कसं सुचलं, त्या दिवशी काय झालं होतं. उद्या मला त्याच सभागृहात घेऊन चल, मी उभी राहून सांगेन. कोणी येवो न येवो. तो मोठा होता. मी नव्हते. आणि तू, बाळा, तुला कापता येतं. बेतता येत नाही."